रातांब्याचं आम्ल कोणतं?

मे महिना लागला की गडनदीच्या काठच्या मसुऱ्यात घरोघरी रातांबे फोडायचं काम सुरू होतं. फळ फोडून बिया आणि गर वेगळा करायचा, साली उन्हात घालायच्या, मीठ घातलेल्या रसाचे पुट देत त्या पुन्हा पुन्हा वाळवायच्या. काळपट जांभळ्या झाल्या की त्यांची सोलं होतात. खारवलेल्या रसाचं आगळ होतं, बियांपासून कोकमतेल निघतं. पाऊस धरायच्या आत हे सगळं उरकावं लागतं, कारण वर्षभर बांगड्याच्या तिखल्याला आणि सोलकढीला आंबटपणा याच फळाचा असतो. मालवण तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेमुळे. पण मसुऱ्याच्या परड्यातला रातांबा रसायनशास्त्राच्या एका मोठ्या इतिहासातही उभा आहे.

त्या इतिहासाला शिरायची वाट एका साध्या प्रश्नातून जाते. रातांब्यात आम्ल कोणतं? लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक, सफरचंदात मॅलिक ही उत्तरं शाळेपासून पाठ असतात. रातांब्याबद्दल मात्र विसाव्या शतकाचा अर्धा भाग उलटून गेला तरी छापील उत्तर चुकीचं होतं. त्याच्या सालीत सुमारे १० टक्के मॅलिक आम्ल आणि थोडं टार्टारिक किंवा सायट्रिक आम्ल असतं, असं जुन्या संदर्भग्रंथांत लिहिलेलं आढळतं. केरळात माशाच्या कालवणात पडणारी कुडंपुळी ही रातांब्याच्याच गार्सिनिया प्रजातीतली. तिच्या सुक्या सालीचं पृथक्करण कुरियन आणि पंड्या यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं आणि तिच्यात टार्टारिक आम्ल नोंदवलं. पुढच्या अभ्यासांत सायट्रिक आम्लाचंही नाव आलं. यातलं कोणतंच आम्ल त्या सालीतलं मुख्य आम्ल नव्हतं.

या अभ्यासकांनी काम निष्काळजीपणे केलं असं नाही. फळांतली ही सगळी आम्लं एकमेकांच्या फार जवळची आहेत. कार्बनची छोटी साखळी, तिच्यावर दोन किंवा तीन आम्लगट, जोडीला एखाददुसरा हायड्रॉक्सिल गट. साका पाडायच्या जुन्या कसोट्यांत ती बरीच सारखी वागतात. शिवाय रातांब्याचं आम्ल तापवलं, आटवलं की त्याच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि त्याचं वलय बनतं. अशा वलयाला लॅक्टोन म्हणतात. म्हणजे बाटलीत एकाच आम्लाची दोन रूपं, आणि दोन्ही ओळखीच्या आम्लांसारखी भासणारी. त्यांची खरी ओळख पटायला रेणूतले अणू किती आणि कोणते एवढं कळून पुरत नाही. ते अवकाशात कसे मांडलेले आहेत हे कळावं लागतं. ही गोष्ट जगाला पहिल्यांदा उमगली ती अशाच एका फळाच्या आम्लामुळे.

पॅरिस, १८४८

द्राक्षाच्या दारूच्या पिंपांत तळाला आणि कडांना एक क्षार साचतो. त्यातून टार्टारिक आम्ल स्वीडनच्या शीलेने १७६९ मध्ये वेगळं काढलं होतं. चिंचेतलं मुख्य आम्ल तेच. १८२० च्या आसपास अल्सेस प्रांतातल्या तान या गावच्या कारखान्यात त्याच्यासारखंच एक आम्ल मिळालं. घटक तेच, प्रमाण तेच, पण ते आम्ल वेगळं होतं. त्याला रॅसेमिक आम्ल म्हणू लागले. फरक कळला तो प्रकाशामुळे. झाँ-बाप्तिस्त बिओ याने १८१५ पासून दाखवून दिलं होतं की काही सेंद्रिय पदार्थांच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला तर त्याच्या कंपनांची पातळी वळते. टार्टारिक आम्ल ती उजवीकडे वळवतं, रॅसेमिक आम्ल मुळीच वळवत नाही. १८४४ मध्ये जर्मन रसायनज्ञ मिचेरलिख याने या दोन आम्लांचे सोडियम-अमोनियम क्षार तपासले आणि बाकी सगळ्या बाबतींत ते एकसारखे असल्याचं जाहीर केलं. एक प्रकाश वळवतो, दुसरा नाही, आणि तरीही दोन्ही एकच. हे कोडं सुटेना.

१८४८ मध्ये २५ वर्षांच्या लुई पाश्चरने रॅसेमिक आम्लाच्या त्याच क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरले. प्रत्येक स्फटिकाच्या एका बाजूला एक छोटा तिरकस पैलू होता. काही स्फटिकांत तो उजवीकडे होता, काहींत डावीकडे. पाश्चरने स्फटिक एकेक करून निवडले, दोन ढीग केले, दोन्ही वेगवेगळे विरघळवले. एका द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने तेवढाच डावीकडे. रॅसेमिक आम्ल म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेल्या दोन आम्लांचं समसमान मिश्रण होतं, आणि एकाचं वळण दुसरं पुसून टाकत होतं.

बिओ तेव्हा ७४ वर्षांचा होता आणि त्याचा विश्वास बसेना. त्याने पाश्चरला आपल्या प्रयोगशाळेत बोलावलं, स्वतःजवळची रसायनं दिली, द्रावण स्वतःच्या देखरेखीत ठेवलं आणि सगळा प्रयोग डोळ्यांदेखत पुन्हा करायला लावला. डावीकडे वळवणाऱ्या द्रावणाने खरोखरच प्रकाश वळवलेला पाहून तो म्हातारा संशोधक हेलावून गेला. यात हवामानाचाही हात होता. सुमारे २७ अंशांच्या वर हा क्षार वेगवेगळ्या स्फटिकांत न पडता एकत्रच पडतो. कोकणातल्या मे महिन्यात हा शोध लागलाच नसता.

१८५३ मध्ये पाश्चरला टार्टारिक आम्लाचं आणखी एक रूप मिळालं. तेही प्रकाश वळवत नव्हतं, पण त्याचे दोन ढीग काही केल्या होईनात. त्याला आज मेसो-टार्टारिक आम्ल म्हणतात. ते मिश्रण नाही, एकाच जातीचे रेणू आहेत. प्रत्येक रेणूचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याचं प्रतिबिंब असल्यामुळे वळण रेणूच्या आतच फिटतं.

उत्रेख्त, १८७४

पाश्चरला मांडणीत उजवं-डावं आहे हे कळलं होतं. ते कशामुळे, हे सांगता आलं नव्हतं. ते काम २२ वर्षांच्या याकोबुस व्हान्ट हॉफने केलं. १८७४ च्या सप्टेंबरात त्याने उत्रेख्तमध्ये एक छोटी पुस्तिका छापली. कार्बनचे चार बंध एका सपाटीत नसून चतुष्फलकाच्या चार टोकांकडे रोखलेले असतात, असं त्यात म्हटलं होतं. चार टोकांना चार वेगळे गट असले तर ते लावायच्या दोनच तऱ्हा उरतात, आणि त्या एकमेकींची प्रतिबिंबं असतात. त्यानंतर दोन महिन्यांत पॅरिसमध्ये जोझेफ ल बेल स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आला. १८७७ मध्ये हेर्मान कोल्बे या वजनदार जर्मन प्राध्यापकाने व्हान्ट हॉफवर अत्यंत कडवट टीका केली. अशा कल्पनांना तो विज्ञान मानायलाच तयार नव्हता. काळाचा कौल व्हान्ट हॉफच्या बाजूने लागला, आणि रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये त्यालाच मिळालं, जरी ते दुसऱ्या कामासाठी असलं तरी.

या पुस्तिकेमुळे समघटकांची नाती नीट मांडता आली. अणूंची जोडणी तीच आणि अवकाशातली मांडणी वेगळी असेल, तर ते त्रिमितीय समघटक. त्यांत दोनच नाती शक्य असतात. दोन रेणू एकमेकांची प्रतिबिंबं असतील तर ते एनॅन्शिओमर. नसतील तर ते डायस्टेरिओमर. तिसरं नातं नाही. एनॅन्शिओमरांचा वितळणबिंदू एकच, विद्राव्यता एकच, साध्या आम्ल-अल्कलीशी वागणंही एकच. उजवं आणि डावं टार्टारिक आम्ल दोन्ही सुमारे १७० अंशांला वितळतात. त्यांच्यातला भेद उघड होतो तो ध्रुवित प्रकाशाशी किंवा स्वतःच उजव्या-डाव्या असलेल्या दुसऱ्या पदार्थाशी गाठ पडली की. दोन वहाणा शेजारी ठेवल्या तर लांबी, रुंदी, वजन सारखं भरतं. उजव्या पायात घालायला गेलं की डावी कोणती ते लगेच कळतं. डायस्टेरिओमरांना अशा परीक्षेची गरज नसते. त्यांच्यात अणूंमधली अंतरंच वेगळी असतात, म्हणून ते मुळातच वेगळे पदार्थ असतात. मेसो-टार्टारिक आम्लाचं उजव्या आणि डाव्या टार्टारिक आम्लाशी असलेलं नातं हेच आहे.

दुहेरी बंधाच्या दोन बाजूंना गट कसे बसलेत यावरून पडणारा भेदही व्हान्ट हॉफने त्याच पुस्तिकेत उलगडला. मॅलेइक आम्लात दोन आम्लगट दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला येतात, फ्युमॅरिक आम्लात विरुद्ध बाजूंना. मॅलेइक तापवलं की सहज पाणी सोडून वलय बनवतं. फ्युमॅरिकमधले गट दूर असल्याने त्याला ते जमत नाही. शाळा-कॉलेजात याला भूमितीय समघटकता म्हणून वेगळा धडा असतो. पण हे दोन रेणू एकमेकांची प्रतिबिंबं नाहीत, म्हणून नात्याने तेही डायस्टेरिओमरच. धडे कितीही वेगळे असले तरी विचारायचा प्रश्न एकच असतो: हा रेणू त्या रेणूचं प्रतिबिंब आहे की नाही?

म्हैसूर, १९६५

म्हैसूरला १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तिथे वाय. एस. लुईस आणि एस. नीलकांतन चिंचेच्या रसायनशास्त्रावर काम करत होते. चिंच हाताशी असलेल्या माणसांना टार्टारिक आम्लाची चांगलीच ओळख होती, आणि कुडंपुळीतलं आम्ल ते नव्हे हे त्यांच्या ध्यानात आलं. १९६४ आणि १९६५ मध्ये त्यांनी आपलं काम प्रसिद्ध केलं. कुडंपुळीतलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल होतं, तेही प्रकाश डावीकडे वळवणारं. लिंबातल्या सायट्रिक आम्लावर एक हायड्रॉक्सिल गट जास्त, एवढाच कागदावरचा फरक. रातांब्याच्या सालीतलं मुख्य आम्लही तेच निघालं. पुढे २००२ मध्ये झालेल्या मोजणीत रातांब्याच्या सालीत ते १० ते १३ टक्के भरलं.

कागदावर एकाच गटाचा असलेला हा फरक अवकाशात फार मोठा आहे. सायट्रिक आम्लात चार वेगळे गट असलेला एकही कार्बन नाही. त्याला उजवं-डावं नाही, ते प्रकाश वळवत नाही. जास्तीचा हायड्रॉक्सिल गट बसला की तसे दोन कार्बन तयार होतात. प्रत्येकाला दोन पर्याय, म्हणून एकूण चार मांडण्या. टार्टारिक आम्लातही असे दोन कार्बन आहेत, पण त्याचे दोन्ही अर्धे सारखे असल्याने चारांतल्या दोन मांडण्या एकच ठरतात आणि रूपं तीनच उरतात. हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचे दोन कार्बन एकमेकांपासून वेगळे आहेत. म्हणून इथे चारही रूपं खरोखर वेगळी आहेत आणि त्यांत मेसो नाही.

जर्मनीत मार्टिउस आणि माउए यांनी हे आम्ल आणि त्याचे समघटक १९४१ मध्येच प्रयोगशाळेत तयार केले होते. म्हणजे माणसाने बनवलेला पदार्थ पुस्तकात आधी आला आणि मसुऱ्याच्या परड्यात पिढ्यान्‌पिढ्या वाळत घातलेला तोच पदार्थ मागाहून ओळखला गेला. जर्मनीतच ग्रीबेल याने त्याच सुमाराला लाल अंबाडीच्या बोंडांतून एक आम्ल काढलं होतं. तेही हायड्रॉक्सिसायट्रिकच निघालं, पण रातांब्यातलं नव्हे.

आता रातांब्याच्या आणि अंबाडीच्या आम्लांचं नातं नेमकं सांगायला हवं होतं. त्यासाठी एक अडचण दूर होणं गरजेचं होतं. पाश्चरपासून शंभर वर्षं कोणता रेणू प्रत्यक्षात उजवा आणि कोणता डावा हे कुणालाच माहीत नव्हतं. एमिल फिशरने शर्करांसाठी एक मांडणी गृहीत धरली होती आणि सगळे तिच्यावर चालत होते. १९५१ मध्ये उत्रेख्तमध्येच, व्हान्ट हॉफचं नाव दिलेल्या प्रयोगशाळेत, बाइफूटने टार्टारिक आम्लाच्या एका क्षारावर क्ष-किरण टाकून अणूंची प्रत्यक्ष मांडणी ठरवली. फिशरचं गृहीतक बरोबर निघालं. पुढे कान, इंगोल्ड आणि प्रेलॉग यांच्या नियमांमुळे प्रत्येक कार्बनच्या मांडणीला ‘आर’ किंवा ‘एस’ हे अक्षर देता येऊ लागलं.

१९६९ मध्ये फिलाडेल्फियात जेनी ग्लस्कर आणि सहकाऱ्यांनी या दोन निसर्गनिर्मित आम्लांची मांडणी क्ष-किरणांनी निश्चित केली. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये बोल आणि सहकाऱ्यांनीही या प्रश्नाचा निकाल लावला. रातांबा-कुडंपुळीचं आम्ल दुसऱ्या कार्बनवर एस आणि तिसऱ्यावर एस. अंबाडीचं दुसऱ्यावर एस, पण तिसऱ्यावर आर. एका कार्बनवर एकमत, दुसऱ्यावर उलट. म्हणजे ही दोन आम्लं एकमेकांची प्रतिबिंबं नाहीत. ती डायस्टेरिओमर आहेत. रातांब्याच्या आम्लाचं प्रतिबिंब असतं आर-आर, अंबाडीच्या आम्लाचं आर-एस. चार रूपांच्या दोन जोड्या होतात. जोडीच्या आत प्रतिबिंबाचं नातं, जोडीबाहेर डायस्टेरिओमराचं. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे नातं समजवायला अनेकदा परदेशी उदाहरणं येतात. कोकणातल्या विद्यार्थ्याला ते सोलं आणि लाल अंबाडीच्या बोंडांतून शिकवता येतं.

पुणे, १९६३ आणि १९६७

गार्सिनिया प्रजातीची देणगी एवढ्यावर संपत नाही. पश्चिम घाटातल्या गार्सिनिया मोरेल्लाच्या बियांतलं मोरेलिन नावाचं पिवळं रंगद्रव्य १९३७ पासून माहीत होतं, पण त्याची रचना उलगडत नव्हती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत के. वेंकटरामन आणि सहकाऱ्यांनी, क्ष-किरण स्फटिकशास्त्रातले गोपीनाथ कार्था आणि जी. एन. रामचंद्रन यांच्या साथीने, १९६३ मध्ये ती जाहीर केली. मोरेलिनला आयसोमोरेलिन नावाचा समघटक आहे. दोघांत भेद एका दुहेरी बंधाच्या बाजूंचा. मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्लांत जसा, तसाच.

१९६७ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून करंजगावकर, राधाकृष्णन आणि वेंकटरामन यांनी या झाडाच्या गाभ्याच्या लाकडातलं मोरेलोफ्लेव्होन प्रसिद्ध केलं. त्यात दोन मोठे भाग एकेरी बंधाने जोडलेले आहेत. एकेरी बंधाभोवती रेणू सहसा सहज फिरतो, पण इथे दोन्ही भागांच्या कडा एकमेकींना अडतात. खोलीच्या तापमानाला ते फिरणं इतकं मंद होतं की चुंबकीय अनुस्पंदनाच्या आलेखात दोन ठेवणी वेगवेगळ्या दिसतात. कार्बनच्या टोकांवरचा भेद, दुहेरी बंधाच्या बाजूंचा भेद आणि अडकलेल्या फिरण्याचा भेद, त्रिमितीय समघटकतेच्या तीनही तऱ्हा रातांब्याच्या या सोयऱ्यांत सापडतात.

शरीर कोणाला ओळखतं?

या भेदाची सगळ्यात कडक परीक्षा सजीवाच्या पेशीत होते, कारण तिथली एन्झाइमं स्वतःच उजवी-डावी असतात. सायट्रिक आम्लाचे दोन हात हुबेहूब सारखे असूनही एन्झाइम त्यांतला एकच निवडतं, हे कसं शक्य आहे ते ऑगस्टनने १९४८ मध्ये समजावलं होतं: एन्झाइमवर रेणू तीन ठिकाणी टेकला की सारख्या दिसणाऱ्या हातांनाही वेगळ्या जागा मिळतात. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात वॉटसन, फँग आणि लोवेनस्टाइन यांना दिसलं की साखरेपासून चरबी बनवण्याच्या वाटेवर सायट्रेट तोडणारं एक एन्झाइम रातांब्याच्या आम्लामुळे जोरात अडतं. पुढच्या उंदरांवरच्या प्रयोगांत हे बळ चार रूपांपैकी याच एका रूपात दिसलं. अंबाडीच्या आम्लात ते नव्हतं. त्याचे गुण निराळे. २००० मध्ये जपानी संशोधकांनी लाल अंबाडीच्या चहातल्या घटकांत पिष्ट पचवणाऱ्या एन्झाइमला रोखण्याचा गुण नोंदवला.

उंदरांवरच्या या निकालांतून नव्वदच्या दशकात वजन कमी करणाऱ्या गोळ्यांचा मोठा बाजार उभा राहिला. १९९८ मध्ये हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी १३५ स्थूल माणसांवर १२ आठवड्यांची चाचणी घेतली. रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल घेणाऱ्यांचं वजन नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं नाही. अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. एन्झाइमच्या पातळीवर रेणू अचूक बसतो हे खरं. त्यावरून माणसाच्या अंगाची चरबी उतरेल असं मानणं म्हणजे मधल्या अनेक पायऱ्या गाळणं. सोलकढीला औषधाची पाटी लावायची गरज नाही.

या आम्लांचा अधिक सरळ उपयोग केरळात झाला. कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठात इब्राहिम इब्नुसौद आणि सहकाऱ्यांनी कुडंपुळीचं आणि लाल अंबाडीचं आम्ल मोठ्या प्रमाणात वेगळं काढून नवे उजवे-डावे रेणू बनवायला वापरलं. प्रयोगशाळेत एकच प्रतिबिंब मिळवायला खर्च आणि कौशल्य दोन्ही लागतं. झाड मात्र दरवर्षी चारांतलं एकच रूप, तेही शुद्ध, हाती ठेवतं.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला, म्हणजे रातांब्याला, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नावाचं रक्षण होतं. पण बाजारात आंबटपणासाठी स्वस्त सायट्रिक आम्लही मिळतं, आणि जिभेला दोन्ही आंबटच लागतात. रातांब्याची खूण रेणूत आहे: दुसरा कार्बन एस, तिसरा कार्बन एस. हे आम्ल किती आहे ते आज द्रव वर्णलेखनाने मोजता येतं. मसुऱ्यासारख्या गावांत आगळ आणि सोलं करणाऱ्या घरांपर्यंत आणि बचतगटांपर्यंत ही तपासणी परवडेल अशा दरात पोचली, तर पाश्चरपासून लुईस-नीलकांतनपर्यंतच्या शंभराहून अधिक वर्षांच्या ज्ञानाचा लाभ ज्यांच्या परड्यात हे आम्ल तयार होतं त्यांनाच मिळेल. त्यावर पहिला हक्कही त्यांचाच आहे.